थॉमस मिचेलचे 1939 हे वर्ष, पाच डिस्कमध्ये

जुन्या हॉलिवूड चित्रपटांच्या डिस्कचे संच निघतात ते नायक-नायिकांच्या किंवा फार तर दिग्दर्शकांच्या नावाने. चरित्र अभिनेत्याचे नाव वेष्टनावर मोठ्या अक्षरांत छापून संच काढण्याचे धाडस सहसा कोणी करत नाही. थॉमस मिचेलच्या बाबतीत तर व्यवहाराची अडचणही आहे. 1939 या एकाच वर्षात त्याचे जे पाच चित्रपट झळकले, ते चार निरनिराळ्या ठिकाणी तयार झाले होते. दोन कोलंबिया स्टुडिओचे, एक आरकेओ स्टुडिओचा, एक निर्माता सेल्झनिकचा आणि एक वॉल्टर वँगरने युनायटेड आर्टिस्ट्ससाठी केलेला. हक्क असे विखुरलेले असल्यामुळे तयार संचाची वाट पाहण्यात अर्थ नव्हता, म्हणून गेल्या दीड वर्षात मी या पाच डिस्क एकेक करून जमवल्या. टपालखर्च आणि एक मनस्ताप धरून मला सारे मिळून नऊ हजारांच्या आसपास पडले. हे परीक्षण त्या पाच डिस्कचे आहे, पण प्रत्येक डिस्क तपासताना माझी कसोटी एकच होती: या डिस्कमध्ये मिचेल नीट दिसतो का? चित्रपट थोर असूनही मिचेलसाठी ती डिस्क घेण्याची गरज नाही, असेही यात निघाले आहे.

ज्यांना हे नाव ओळखीचे वाटत नाही त्यांना चेहरा बहुधा ओळखीचा असेल. गोलसर चेहरा, आखूड बांधा, विस्कटलेले केस आणि नुकतेच काहीतरी विसरल्यासारखी नजर. त्याचा जन्म 11 जुलै 1892 रोजी न्यू जर्सीतील एलिझाबेथ या गावी, आयर्लंडहून आलेल्या कुटुंबात झाला. सुरुवातीला त्याने वर्तमानपत्रात बातमीदारी केली, मग रंगभूमीवर आला, चार्ल्स कोबर्नच्या मंडळीबरोबर शेक्सपिअरची नाटके करत हिंडला आणि पुढे स्वतः नाटके लिहू लागला. फ्लॉइड डेलसोबत त्याने लिहिलेले 1928 सालचे एक विनोदी नाटक इतके चालले की त्यावर चित्रपटही निघाले. हॉलिवूडमध्ये त्याने खऱ्या अर्थाने बस्तान बसवले ते 1936 साली, म्हणजे वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षाच्या सुमारास. इतक्या उशिरा आलेला नट नायक होण्याची स्वप्ने पाहत नाही, आणि मला वाटते मिचेलचे सारे बळ त्या निश्चिंतपणात आहे. पुढच्याच वर्षी जॉन फोर्डच्या 'द हरिकेन'मधील दारूडा डॉक्टर केर्सेंट या भूमिकेसाठी त्याला ऑस्करचे नामांकन मिळाले.

या डॉक्टरचाच भाऊ शोभावा असा डॉक्टर बून मिचेलने दोन वर्षांनी 'स्टेजकोच'मध्ये उभा केला. संचातील पहिली डिस्क तीच. दिग्दर्शक पुन्हा फोर्ड, लांबी 96 मिनिटे आणि पाचांपैकी पुरस्कार मिळवून देणारी ही एकमेव भूमिका. चित्रपट सुरू होतो तेव्हा घरमालकीण डॉक्टरला सामानासकट घराबाहेर काढते आणि गावातल्या सभ्य स्त्रियांची मंडळी त्याला व डॅलस नावाच्या एका बदनाम तरुणीला मिळून गावाबाहेर घालवते. अशा वेळी मिचेल काय करतो, तर एखाद्या सरदाराने राजकन्येपुढे करावा तसा आपला हात डॅलसपुढे करतो आणि दोघे जणू वधस्तंभाकडे निघालेले उमराव असावेत अशा थाटात गाडीकडे चालू लागतो. गाडीत शेजारी बसलेला पापभीरू गृहस्थ मद्याचा फिरता विक्रेता आहे हे कळताच त्याच्या नमुन्यांच्या पिशवीविषयी डॉक्टरला जी माया उत्पन्न होते, ती पाहून हसू आवरत नाही.

मात्र ही डिस्क विकत घ्यावी ती हसण्यासाठी नव्हे. वाटेतल्या मुक्कामी एका प्रवासी स्त्रीच्या प्रसूतीची वेळ येते आणि तर्र झालेल्या डॉक्टरला काही मिनिटांत शुद्धीवर येणे भाग पडते. तो काळी कॉफी मागतो, पुन्हा मागतो, आणखी मागतो. या साऱ्यात 'आता मी सुधारलो' असा आव कुठेही नाही. उलट आपण आता माणसाच्या उपयोगी पडू शकणार नाही या भीतीने त्याचा चेहरा उतरलेला दिसतो. शेवटाकडे लॉर्ड्सबर्गच्या गुत्त्यात तो ल्यूक प्लमर या गुंडाला बंदूक खाली ठेवायला लावतो. गुंड बाहेर गेल्यावर तो गुत्तेवाल्याला बजावतो की पुन्हा मला असले काही करू देऊ नकोस, आणि पेला तोंडाला लावतो. शौर्यानंतरची ही थरथर चित्रपटात क्वचितच कोणी इतक्या थोडक्यात दाखवली असेल.

डिस्कच्या गुणवत्तेबद्दल अपेक्षा थोडी आवरून ठेवावी. या चित्रपटाची मूळ निगेटिव्ह उपलब्ध नसल्यामुळे नंतरच्या प्रतीवरून तो सावरलेला आहे. काही दृश्यांत उभे ओरखडे स्पष्ट दिसतात. मला ते खटकले नाहीत. ओरखडे पुसण्याच्या नादात चेहऱ्यावरचे बारकावे घासून टाकण्यापेक्षा हे बरे, आणि मिचेलच्या बाबतीत सारा मामला बारकाव्यांचाच आहे.

29 फेब्रुवारी 1940 रोजी झालेल्या समारंभात या भूमिकेसाठी त्याला सर्वोत्कृष्ट साहाय्यक अभिनेत्याचे ऑस्कर मिळाले. त्या वर्षीच्या स्पर्धेत क्लॉड रेन्स आणि हॅरी केरी होते, आणि हे दोघेही 'मिस्टर स्मिथ गोज टू वॉशिंग्टन'साठी, म्हणजे ज्यात मिचेल स्वतःही होता त्याच चित्रपटासाठी. सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या दहा नामांकनांपैकी तीन चित्रपटांत तो होता. एवढे करून त्याच्या हाती आली ती सोनेरी बाहुली नव्हे. त्या काळी साहाय्यक नटांना बाहुलीऐवजी फलक देत असत. बाहुली मिळू लागली ती 1943 सालच्या चित्रपटांपासून. पंक्तीतला पाटसुद्धा वेगळा मांडायचा, असाच हा प्रकार होता.

आता संचातली माझ्या मते सर्वांत मोलाची डिस्क. 'ओन्ली एंजल्स हॅव विंग्ज' हा हॉवर्ड हॉक्सचा 121 मिनिटांचा चित्रपट दक्षिण अमेरिकेतील बरांका नावाच्या एका काल्पनिक बंदरात घडतो. धुके, पाऊस आणि अँडीजचे डोंगर यांच्यामधून टपाल नेणारी मोडकी विमाने आणि ती उडवणारे वैमानिक हा त्याचा विषय. केरी ग्रांट त्यांचा प्रमुख जेफ, आणि मिचेल त्याचा सर्वांत जुना सोबती किड डॅब. या किडची दृष्टी अधू होत चालली आहे. तो ते लपवतो, जेफला संशय येतो, जेफ त्याचे डोळे तपासतो आणि त्याला विमानावरून उतरवतो. हा प्रसंग लिहिणाऱ्याला आणि वठवणाऱ्याला रडवेपणाचा मोह होण्यासारखा आहे. मिचेल मात्र तो पोराने शाळेत चोरी पकडली गेल्यावर करावा तसा, ओशाळवाण्या हुशारीने करतो. आपला डाव फसला याचे त्याला दुःख आहे, पण जेफने तो पकडला याचा थोडा अभिमानही आहे.

या डिस्कवर एक गोष्ट मुद्दाम पाहावी, ती म्हणजे काड्या. जेफ सिगारेट ओढतो, पण काडेपेटी कधीच बाळगत नाही. येताजाता तो दुसऱ्याकडे काडी मागतो, आणि पुष्कळदा ती ओढून देणारा हात किडचा असतो. न बोलता, न पाहता, संवाद दुसराच चालू असताना हे घडते. नवरा-बायकोच्या तीस वर्षांच्या संसारात जशा काही हालचाली आपोआप होतात, तशी ही काडी आहे. पुढे डोंगरातल्या उड्डाणात गिधाडाची धडक बसते आणि किडची मान मोडते, तेव्हा सिगारेट देण्याची पाळी जेफवर येते. मान मोडली आहे हे जेफ त्याला स्पष्ट सांगतो. मग किड बाकीच्यांना बाहेर जायला सांगतो, आणि शेवटी जेफलाही. पहिल्यांदा एकट्याने विमान उडवताना कोणी पाहू नये असे वाटते, तसे त्याला आता वाटते आहे. पलंगावर आडवा पडलेला, मान हलवू न शकणारा नट, हाताशी केवळ डोळे आणि आवाज, आणि तो आवाजही मिचेल खाली ठेवतो. त्याआधी ज्या माणसामुळे आपला धाकटा भाऊ मेला, त्याच सहवैमानिक बॅट मॅकफर्सनविषयी तो चांगले बोलून जातो, कारण या खेपेला मॅकफर्सनने जळते विमान सोडून उडी मारलेली नसते. या भूमिकेला पुरस्कार तर राहोच, नामांकनही मिळाले नाही. माझ्या मते ही त्याची त्या वर्षातील सर्वश्रेष्ठ भूमिका आहे, आणि हे मत मी चार वेळा चित्रपट पाहून बनवले आहे.

या डिस्कवरील चित्र नव्याने केलेल्या 4के जतनकामाचे असून ते अप्रतिम आहे. रात्रीची दृश्ये आणि धुके यांतली राखाडी छटांची उतरंड जुन्या डीव्हीडीवर नुसती चिखलासारखी दिसत असे. इथे खोलीच्या मागच्या कोपऱ्यात उभा असलेला किड इतरांचे बोलणे ऐकताना काय करतो हेही दिसते. इंग्रजी उपशीर्षके आहेत आणि ती लावूनच पाहावे. हॉक्सच्या चित्रपटात माणसे एकमेकांच्या बोलण्यावर बोलतात, त्यामुळे मिचेलची पुटपुटलेली अर्धी वाक्ये एरवी निसटतात.

'मिस्टर स्मिथ' या फ्रँक काप्राच्या चित्रपटात तो डिझ मूर या वॉशिंग्टनमधल्या बातमीदाराच्या भूमिकेत आहे. स्वतः बातमीदारी केलेल्या माणसाला ही भूमिका अंगच्या कोटासारखी बसली आहे. सिनेटरची सचिव सॉन्डर्स हिला, म्हणजे जीन आर्थरला, तो कितीतरी वेळा लग्नाची मागणी घालून चुकला आहे. एका रात्री दोघांनाही चढलेली असताना ती स्वतःच लग्न करू या म्हणते, आणि त्याच रात्री त्याला कळते की तिचे मन भलत्याच माणसात गुंतले आहे. इथे मिचेलचे काम फक्त तिच्याकडे पाहत राहण्याचे आहे, आणि तो तेवढेच करतो. डिस्क स्वच्छ आहे, ध्वनी उत्तम आहे. पण चित्रपट जेम्स स्ट्यूअर्टचा आहे आणि मिचेलच्या वाट्याला थोडे येते. हा चित्रपट तुमच्याकडे कोणत्याही स्वरूपात असेल तर नव्याने घेण्याचे कारण नाही.

'द हंचबॅक ऑफ नॉत्र दाम'विषयी याहूनही थोडक्यात सांगता येईल. मिचेल यात क्लोपिन, भिकाऱ्यांचा राजा आहे. चार्ल्स लॉटनचा क्वासिमोदो आणि आरकेओने उभारलेले पॅरिस यांसाठी चित्रपट अवश्य पाहावा, परंतु क्लोपिनला आरडाओरडा पुष्कळ आणि क्षण थोडे आहेत. मोठ्याने बोलणारा मिचेल हा निम्माच मिचेल असतो. संच पुरा करण्याच्या हट्टापायी मी ही डिस्क घेतली, आणि हट्टाची किंमत मोजावी लागते हे मान्य आहे.

'गॉन विथ द विंड' मात्र वेगळ्या कारणाने संचात हवा. इथे तो जेरल्ड ओहारा, स्कार्लेटचा बाप. तेव्हा मिचेल सत्तेचाळीस वर्षांचा होता. पांढरे केस आणि आयरिश हेल यांच्या बळावर त्याने म्हातारा साकारला. आरंभी तो घोड्यावरून भरधाव येऊन कुंपण ओलांडतो आणि मुलीने पाहिले म्हणून चोरासारखा हसतो. त्यानंतर मावळतीच्या उजेडात, जमीन हीच एक टिकणारी गोष्ट आहे असे तो मुलीला सांगतो. हा प्रसंग साऱ्यांना आठवतो. माझ्या मते खरा मिचेल दिसतो तो अमेरिकी यादवी युद्धाने उजाड झालेल्या टारामध्ये, म्हणजे ओहारांच्या मळ्यावर. स्कार्लेट उद्ध्वस्त घरी परत येते, आई वारलेली असते, आणि अंधारात बसलेला बाप मोठ्या ठेव्यासारखे काही कागद काढून दाखवतो. ते हरत चाललेल्या दक्षिणेच्या सरकारचे रोखे असतात, म्हणजे रद्दी. तो ते अशा जपणुकीने हाताळतो की मुलीला खरे सांगण्याचा धीर होऊ नये. काय करायचे ते आईला विचारू या, असे तो सहज बोलून जातो आणि आपल्याला कळते की या माणसाच्या लेखी बायको शेजारच्या खोलीतच आहे. वेड दाखवणारे नट डोळे फिरवतात. मिचेलने फक्त घरातला रोजचा सूर कायम ठेवला आहे. शेवटी पुन्हा घोडा, पुन्हा कुंपण, आणि या वेळी पडणे.

रंगांच्या बाबतीत ही डिस्क संचात अव्वल आहे. त्या काळच्या टेक्निकलरमध्ये तीन रंगांसाठी तीन वेगळ्या निगेटिव्ह असत. त्या कालांतराने आकसल्यामुळे एकमेकींवर नीट बसत नव्हत्या. संगणकावर त्या पुन्हा जुळवून घेतल्यामुळे कडा आता धारदार दिसतात. चित्रपट आरंभीच्या आणि मध्यंतराच्या संगीतासह जवळजवळ चार तासांचा आहे. त्यात मिचेल किती, असे विचाराल तर अर्ध्या तासाहून फार नाही. गुलामगिरीकडे पाहण्याची या चित्रपटाची गोडगुलाबी दृष्टी आज पाहताना बोचते, आणि जेरल्डचा दिलदारपणा याच व्यवस्थेवर पोसलेला आहे हेही लपत नाही. मिचेलने आपल्या अभिनयातून त्याचा निवाडा केलेला नाही. तशी अपेक्षाही त्या संहितेकडून करता येत नाही.

आता मनस्तापाविषयी. पाचांपैकी दोन डिस्क ए विभागासाठी बंद केलेल्या, म्हणजे दुसऱ्या विभागाच्या प्लेअरवर न चालणाऱ्या निघाल्या, आणि त्यात माझी लाडकी डिस्कही होती. ब्लू-रेच्या जगात अमेरिका ए विभागात येते, भारत सी विभागात. डीव्हीडीच्या बाबतीत अमेरिका 1, भारत 5. ऑनलाइन विक्रेत्याच्या पानावर 'सर्व प्लेअरवर चालते' असे लिहिले होते, डिस्कच्या वेष्टनामागे मात्र ए हे अक्षर स्वच्छ छापलेले होते. तक्रार केल्यावर तीन आठवडे उत्तर नाही, आणि नंतर टपालखर्च कापून घेऊन डिस्क परत घेण्याची तयारी. मी डिस्क ठेवल्या आणि सर्व विभाग चालवणारा जुना प्लेअर घेतला. संगणकाच्या ड्राइव्हवर डीव्हीडीचा विभाग बदलून घेण्याचा मार्ग आहे, पण तो पाचच वेळा बदलता येतो आणि त्यानंतर कायमचा अडकतो, हे आधी माहीत असलेले बरे. खरेदी करणाऱ्याने विक्रेत्याच्या वर्णनावर न विसंबता वेष्टनाच्या मागच्या बाजूचे छायाचित्र मागून घ्यावे.

पाचही डिस्कवरील जोडसाहित्यात मिचेलविषयी स्वतंत्र असे काहीही नाही, ही माझी दुसरी तक्रार. फोर्डवर तासभर, हॉक्सवर अर्धा तास, नायिकांच्या पोशाखांवरही काही मिनिटे. पण ज्या माणसाने पुढे 1953 साली दूरचित्रवाणीचा एमी आणि रंगभूमीचा टोनी दोन्ही मिळवून ऑस्करसह तिन्ही पुरस्कार जिंकणारा पहिला पुरुष अभिनेता होण्याचा मान मिळवला, त्याच्यावर दहा मिनिटांची चित्रफीतही नाही. नव्या आवृत्त्या काढताना निर्मात्यांनी ही उणीव भरून काढावी.

संचानंतर पुढे काय घ्यावे, असे विचारणाऱ्यांसाठी दोन नावे. 'इट्स अ वंडरफुल लाइफ' (1946) मधील अंकल बिली, जो विसरू नये म्हणून बोटांना दोरे बांधतो आणि तरीही आठ हजार डॉलर्स वर्तमानपत्रात गुंडाळून वैऱ्याच्या हाती देऊन बसतो. तो मान खाली घालून रडत असताना पाळलेली खार त्याच्या दंडावर चढते, तो क्षण स्वच्छ प्रतीवरच पाहावा. या चित्रपटाच्या हक्कांची मुदत 1974 साली नूतनीकरणाअभावी संपल्यामुळे त्याच्या निकृष्ट आणि कृत्रिम रंग भरलेल्या प्रतीही पुष्कळ सुटल्या आहेत. त्या टाळून कृष्णधवल प्रत घ्यावी. दुसरे नाव 'हाय नून' (1952). त्यात तो गावचा नगराध्यक्ष आहे. चर्चमध्ये उभा राहून तो मार्शलची स्तुती करत करत, एकही कठोर शब्द न वापरता, त्याला गाव सोडून जायला सांगतो. इतकी वर्षे जो प्रेमळ आवाज आपण ऐकला, तोच आवाज इथे गळा कापतो.

मिचेलचा शेवटचा चित्रपट 'पॉकेटफुल ऑफ मिरॅकल्स' (1961) माझ्याकडे अजून नाही. पुढच्या वर्षी रंगभूमीवर त्याने एक चुरगळलेला, विसराळू वाटणारा पोलीस अधिकारी केला. त्याचे नाव कोलंबो. डिसेंबर 1962 मध्ये मिचेल वारला, आणि दूरचित्रवाणीवर ही भूमिका आली ती पीटर फॉककडे, जो त्या शेवटच्या चित्रपटात मिचेलबरोबर होता. दोघांना एका पडद्यावर पाहण्यासाठी ती डिस्क कालच मागवली आहे, वेष्टनाच्या मागच्या बाजूचे छायाचित्र मागून घेऊन.